७२ तास, सहा आठवडे, तीन महिने : गुप्तरोगाची तपासणी कधी, कुठे आणि कशी करायची

बीड : दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्यातल्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. ट्रक-ट्रॅक्टरवाले, हार्वेस्टरवरचे गडी, पुण्या-चाकणला कंपनीत गेलेली पोरं, सगळेच महिनोन्महिने घराबाहेर असतात. पण आजचा विषय फक्त बाहेर जाणाऱ्यांचा नाही. गावात, वस्तीवर, तालुक्याच्या लॉजवर, कुठेही कंडोमशिवाय संबंध येऊ शकतो. नवरा-बायकोतही एकाला आजार असला तर दुसऱ्याला लागू शकतो. त्यामुळे कुणावर शिक्का मारायचा नाही, एवढं आधीच ठरवून पुढे वाचा.

असा संबंध झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी पोटात गोळा येतो. कुणाला विचारायची सोय नसते. मोबाईलवर शोधावं तर एक जण म्हणतो काही होत नाही, दुसरा म्हणतो आता मेलास. मग माणूस दोनपैकी एक करतो. घाबरून त्याच दिवशी खासगी लॅबमध्ये जाऊन तपासणी करतो, रिपोर्ट चांगला आला की सुटलो म्हणतो. नाहीतर सगळं दडवून ठेवतो आणि अंगावर काही उठलं तरच दवाखान्याचं बघू म्हणतो. या दोन्हीत माणूस फसतो.

कारण या कामात तारखेला महत्त्व आहे. एक औषध असं आहे की ते पहिल्या तीन दिवसांतच चालतं, नंतर लाख रुपये मोजले तरी त्याचा उपयोग नाही. आणि तपासण्या अशा आहेत की त्या पहिल्या तीन दिवसांत केल्या तर झालेल्या संबंधाबद्दल काहीच सांगत नाहीत. कोणत्या दिवशी काय करायचं, एवढं कळलं तरी निम्मी भीती जाते.

नेमके कोणते आजार?

संबंधातून लागणारे आजार बरेच आहेत. आपल्याकडे जास्त ऐकू येणारे असे : एचआयव्ही. गरमी, म्हणजे उपदंश, ज्याला डॉक्टर सिफिलिस म्हणतात. परमा, म्हणजे गोनोरिया. क्लॅमिडिया, ज्याला गावाकडे वेगळं नावच नाही. हर्पिस, म्हणजे बारीक पाण्याचे फोड. कावीळ ब, म्हणजे हिपॅटायटिस बी. आणि जननेंद्रियावरचे चामखीळ.

यातले गरमी, परमा आणि क्लॅमिडिया औषधाने पूर्ण बरे होतात. एचआयव्ही, हर्पिस आणि कावीळ ब यांचा विषाणू अंगात राहू शकतो, पण औषधाने ते ताब्यात ठेवता येतात. कावीळ ब होऊच नये म्हणून लसही आहे.

सगळ्यात मोठी अडचण ही की यातले बरेचसे आजार दिसतच नाहीत. परमा झालेल्या पुरुषाला बहुतेक वेळा आठवडाभरात लघवीला जळजळ होते, पू येतो. पण बाईला तोच आजार असला तरी पुष्कळदा काहीच कळत नाही. क्लॅमिडियात तर पुरुषालाही काही जाणवेल असं नाही. एचआयव्हीत सुरुवातीला चार दिवस ताप, घसा दुखणं, अंगावर पुरळ असं झालं तर होतं, ते व्हायरल म्हणून निघून जातं आणि पुढे कित्येक वर्षं माणूस धडधाकट दिसतो.

गरमीचं तर फार फसवं काम आहे. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी, कधी दहा दिवसांनी तर कधी तीन महिन्यांनी, त्या जागी एक व्रण होतो. तो दुखत नाही. काही आठवड्यांत आपोआप भरूनही येतो. माणसाला वाटतं गेला. पण आजार रक्तात उतरलेला असतो. पुढे तळहातावर, तळपायावर पुरळ येतं, त्याला सहसा खाज नसते, तेही जातं. वर्षानुवर्षं उपचार झाला नाही तर मेंदू, डोळे, हृदय यांच्यावर परिणाम होतो.

म्हणून “समोरचं माणूस चांगलं दिसत होतं” आणि “मला काही त्रास नाही” या दोन वाक्यांवर विसंबून राहू नका.

पहिले ७२ तास : यात काय करता येतं

कंडोम वापरला नाही किंवा फाटला, आणि समोरच्याला एचआयव्ही आहे किंवा असण्याची शक्यता आहे, तर घड्याळ बघा. ७२ तासांच्या आत, म्हणजे तीन दिवसांच्या आत, एचआयव्ही रोखणारी औषधं सुरू करता येतात. त्याला पीईपी म्हणतात. दवाखान्यात हाच शब्द सांगा. या गोळ्या २८ दिवस रोज घ्याव्या लागतात, मध्ये खंड चालत नाही. पहिल्या काही तासांत सुरू केल्या तर सगळ्यात चांगलं. जितका उशीर तितका उपयोग कमी, आणि ७२ तास उलटले की त्या देत नाहीत.

हे औषध प्रत्येकाला लागतंच असं नाही. कसला संबंध होता, समोरच्याची काय माहिती आहे, जखम होती का, हे विचारून डॉक्टर ठरवतात. आधी तुमची स्वतःची एचआयव्ही तपासणी करतात, किडनीचं आणि काविळीचंही बघतात. सुई टोचलेल्या दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांना आणि लैंगिक अत्याचार झालेल्यांना हे औषध सरकारी दवाखान्यात मिळतं. बाकीच्यांच्या बाबतीत डॉक्टर धोका बघून निर्णय घेतात. तिथून नाही मिळालं तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मोठ्या मेडिकलवरून विकत घेता येतं. पण चिठ्ठीशिवाय, कुणी सांगितलं म्हणून, अर्धवट कोर्स करू नका.

यासाठी कुठे जायचं? ज्या दवाखान्यात एआरटी सेंटर आहे तिथे. आपल्या जिल्ह्यात बीडचं जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय ही मोठी ठिकाणं. रविवार किंवा सणाची सुट्टी आली तर सोमवारची वाट बघत बसू नका, अपघात विभागात जा आणि ड्युटीवरच्या डॉक्टरला सांगा. शनिवारी रात्रीचं प्रकरण असेल तर मंगळवारी रात्री मुदत संपते.

याच तीन दिवसांत आणखी दोन गोष्टी होतात.

एक, दिवस जाण्याची भीती असेल तर बाईने ७२ तासांच्या आत तातडीची गर्भनिरोधक गोळी घ्यावी. ती मेडिकलवर मिळते, आशाताईकडेही असते. मात्र तिने आजार रोखला जात नाही.

दोन, कावीळ ब ची लस. आपल्या वयाच्या बहुतेकांनी ती लहानपणी घेतलेली नसते. संबंधानंतर जितक्या लवकर पहिला डोस घ्याल तितकं बरं. पुढचे डोस एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी असतात.

जबरदस्ती झाली असेल तर गोष्ट वेगळी आहे. अशा वेळी सरकारी असो की खासगी, कोणत्याही दवाखान्याने लगेच आणि फुकट उपचार करायला हवेत, असा कायदाच आहे. आधी पोलिसांत जाऊन या, मग बघतो, असं कुणी म्हणू शकत नाही. दवाखानाच पोलिसांना कळवतो. शक्यतो अंघोळ न करता, कपडे न धुता जावं. पण अंघोळ झाली असली, कपडे धुतले असले तरी जावंच. मदतीसाठी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे नंबर आहेत.

दुसऱ्याच दिवशी तपासणी केली तर?

पेरणी करून दुसऱ्या दिवशी रानात गेलं तर काय दिसणार? माती. बी नाही असं नाही, उगवायला वेळ लागतो. रक्ताचंही तसंच आहे. विषाणू अंगात शिरला तरी तो तपासणीत दिसायला काही आठवडे जावे लागतात. या काळाला डॉक्टर विंडो पीरियड म्हणतात. या काळात रिपोर्ट निगेटिव्ह येतो, पण माणसाला लागण झालेली असू शकते आणि त्याच्याकडून ती दुसऱ्याला जाऊही शकते.

आमच्या ओळखीतल्या एका ड्रायव्हरने हेच केलं होतं. तिसऱ्या दिवशी खासगी लॅबमध्ये हजारभर रुपये घालून एचआयव्हीची तपासणी केली, निगेटिव्ह आली. रिपोर्ट खिशात ठेवून तो निर्धास्त घरी आला. लॅबवाल्याने परत कधी यायचं ते सांगितलं नाही, यानेही विचारलं नाही. पुढे त्याला समजावून तालुक्याला नेलं, तीन महिन्यांचा रिपोर्टही निगेटिव्ह निघाला. पण पहिल्या रिपोर्टवर तो ज्या खात्रीने घरी गेला, ती खात्री त्या कागदात नव्हतीच.

म्हणजे लगेच तपासणी करूच नये का? करावी. पहिल्या तपासणीने आधीपासून काही होतं का ते कळतं. पीईपी सुरू करायची असेल तर ती लागतेच. फक्त तो रिपोर्ट मागच्या दिवसांचा आहे, कालच्या रात्रीचा नाही, हे ध्यानात ठेवायचं.

तारखांचा हिशेब

संबंध झाला तो दिवस कॅलेंडरवर एखादी खूण करून ठेवा. तिथून पुढे असं मोजायचं.

• ३ दिवसांच्या आत : पीईपी लागेल का ते विचारणं, दिवस जाण्याची गोळी, काविळीच्या लसीचा पहिला डोस. सोबत पहिली एचआयव्ही तपासणी.

• २ आठवडे : परमा आणि क्लॅमिडिया तपासायला ही योग्य वेळ. मात्र लघवीला जळजळ, पू, घाण वासाचं पाणी असं काही आधीच सुरू झालं तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी जा.

• ६ आठवडे : एचआयव्ही आणि गरमीची रक्त तपासणी. एचआयव्हीची लागण झालेली असेल तर बहुतेकांची या वेळेपर्यंत दिसून येते.

• ३ महिने : एचआयव्ही आणि गरमी पुन्हा एकदा. सोबत कावीळ ब आणि क. मध्ये दुसरा असुरक्षित संबंध झाला नसेल, पीईपी घेतलेली नसेल आणि हा एचआयव्हीचा रिपोर्ट निगेटिव्ह असेल, तर त्या प्रसंगापुरतं एचआयव्हीचं भय संपलं असं समजा.

पीईपीच्या गोळ्या घेतल्या असतील तर डॉक्टर पुढच्या तारखा लिहून देतात. त्यांना सहा महिन्यांनीही एकदा बोलावतात. ती तारीख चुकवू नका.

हर्पिस आणि चामखीळ यांचं वेगळं आहे. त्यासाठी सरसकट रक्त तपासणी करत नाहीत. फोड किंवा चामखीळ दिसला की तो असतानाच डॉक्टरला दाखवायचा. लाज वाटून तो जाईपर्यंत थांबलात तर डॉक्टर तरी काय बघणार?

आणि शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत घरच्या माणसासोबत कंडोम वापरायचा. हे सगळ्यात अवघड आहे, ठाऊक आहे. पण तीन महिन्यांचा कंडोम हा आयुष्यभराच्या पश्चात्तापापेक्षा हलका आहे. या काळात रक्तदानही करू नका.

कुठे जायचं आणि तिथे काय होतं

एचआयव्हीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत आयसीटीसी नावाची खोली असते. मराठीत पाटी असते : एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. प्राथमिक आरोग्य केंद्रांतही पहिली चाचणी होते, तिथे शंका आली तर पक्क्या चाचणीसाठी आयसीटीसीला पाठवतात.

केसपेपरच्या रांगेत उभं राहून मोठ्याने “एचआयव्ही करायची आहे” असं सांगायची गरज नाही. “आयसीटीसीला जायचं आहे” किंवा “समुपदेशकाला भेटायचं आहे” एवढं पुरतं. आत एक समुपदेशक असतात, बाई किंवा गडी. दार लावून बोलतात. कधी संबंध आला, कंडोम होता का, काही त्रास होतो का, असं विचारतात. त्यांना खरं सांगा. ते रोज हेच ऐकतात, त्यांना नवल वाटत नाही. तोंडाने किंवा गुदमार्गाने संबंध असेल तर तेही सांगा, कारण तपासणी कुठली करायची ते त्यावर ठरतं. पुरुषाचा पुरुषाशी संबंध असेल तरी घाबरू नका. सज्ञान व्यक्तींतला खुशीचा संबंध हा गुन्हा नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने २०१८ साली दिलेला आहे.

मग रक्त घेतात. उपाशीपोटी यायची गरज नाही. चाचणी अर्ध्या-पाऊण तासाची असते, बहुतेक ठिकाणी रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो. पहिली चाचणी पॉझिटिव्ह दिसली म्हणून लगेच तसं सांगत नाहीत. वेगवेगळ्या प्रकारच्या तीन चाचण्या पॉझिटिव्ह आल्यावरच एचआयव्ही आहे असं पक्कं करतात. खासगी लॅबची एकच चाचणी पॉझिटिव्ह आली तर खचून जाऊ नका, आयसीटीसीत जाऊन खात्री करून घ्या.

बाकीच्या गुप्तरोगांसाठी जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयात सुरक्षा क्लिनिक असतं. तिथे गरमीची रक्त तपासणी होते, अंगावरचा त्रास बघतात. आजाराच्या लक्षणांनुसार औषधांची रंगीत पाकिटं ठरलेली आहेत. लिंगातून पू येत असेल तर करड्या रंगाचं, अंगावरून पांढरं जात असेल तर हिरवं, व्रण असेल तर पांढरं, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं. ही औषधंही फुकट असतात. काविळीच्या विषाणूची तपासणी आणि उपचार मोफत देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१८ पासून सुरू आहे, त्याचीही जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

कारखान्यावर असाल तर गावाकडे यायची वाट बघू नका. सांगली असो, कोल्हापूर असो की कर्नाटकातला तालुका, आयसीटीसी देशभर आहेत आणि फुकटच आहेत. जवळचं केंद्र कुठलं हे विचारायला १०९७ हा फोन नंबर आहे. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही.

गावात कळलं तर?

खरं अडतं ते इथे. सुईची भीती कुणाला नसते, भीती पारावरच्या चर्चेची असते.

यासाठी कायदा आहे. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७. तो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात स्पष्ट आहे की तुमच्या संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही, आणि तुमचा रिपोर्ट तुमच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे म्हणून नोकरीवरून काढणं, शाळेत न घेणं, दवाखान्यात उपचार नाकारणं, भाड्याचं घर खाली करायला लावणं, हे सगळं या कायद्याने मना आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते, आणि त्यांच्या शारीरिक संबंधाची माहिती मिळाली तर पोक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवावी लागते, हेही माहीत असू द्या.

आता कायदा कागदावर आणि तालुक्याच्या दवाखान्यातला वॉर्डबॉय आपल्याच भावकीतला, असं होतं. ते नाकारून चालणार नाही. त्यावर साधा उपाय आहे. आपल्या तालुक्यात ओळख निघत असेल तर शेजारच्या तालुक्याला जा. आष्टीच्या माणसाने आष्टीतच तपासणी केली पाहिजे असा नियम नाही. बाजाराच्या दिवशी खत-बियाणं आणायला जातो तसं जाऊन येता येतं.

बायकांसाठी वेगळं सांगायला हवं

आपल्या जिल्ह्यात हा विषय बायकांच्या अंगावर फार वाईट पद्धतीने आलेला आहे. ऊसतोड महिलांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ साली देशभर गाजला. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची माहिती घेतली गेली आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. अनेक जणी दवाखान्यात गेल्या होत्या त्या अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोटात, कमरेत दुखतंय, अशा तक्रारी घेऊन.

पांढरं जाणं प्रत्येक वेळी गुप्तरोगामुळेच होतं असं नाही. थोडं पाणी जाणं नैसर्गिकही असतं. बुरशीमुळेही त्रास होतो. पण रंग बदलला, वास यायला लागला, खाज सुटली, संबंधाच्या वेळी दुखायला लागलं, तर ते संसर्गाचं लक्षण असू शकतं. आणि असा संसर्ग बहुतेक वेळा गोळ्यांनी बरा होतो. त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही. कुणी पहिल्याच भेटीत “कॅन्सर होईल, पिशवी काढा” म्हणालं तर सही करू नका. सरकारी दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, तपासणी काय केली तो कागद मागा.

उलट दुर्लक्ष केलं तर परमा आणि क्लॅमिडिया गर्भनळ्यांपर्यंत पोहोचतात. मग कायमचं ओटीपोट दुखणं, लेकरू न राहणं, नळीत गर्भ राहणं असे प्रकार होतात. लेकरू होत नाही म्हणून बाईला बोल लावणाऱ्या घरांनी हेही समजून घ्यावं, की तो आजार तिच्यापर्यंत आला कुठून.

गरोदरपणात एचआयव्ही आणि गरमी या दोन्ही तपासण्या करायलाच हव्यात. टोळीसोबत गेल्यामुळे तपासणी राहून जाते, तसं होऊ देऊ नका. आईला एचआयव्ही असला तरी औषध वेळेत सुरू झालं आणि बाळालाही औषध दिलं तर बाळाला लागण होण्याची शक्यता फारच कमी होते. गरमी असली तर पेनिसिलीनच्या इंजेक्शनने आई बरी होते आणि पोटातलं बाळही वाचतं.

जोडीदाराला सांगायचं कसं?

एकाने औषध घेतलं आणि दुसऱ्याने नाही, तर आजार घरात फिरत राहतो. कपाशीच्या एका तासावर फवारणी करून शेजारचं तास तसंच सोडल्यासारखं. परमा, क्लॅमिडिया, गरमी यांत दोघांवर उपचार झाले पाहिजेत आणि डॉक्टर सांगतील तोपर्यंत संबंध टाळला पाहिजे.

घरात बोलायची हिंमत होत नसेल तर आयसीटीसीचे समुपदेशक मदत करतात. दोघांना बोलावून घेऊन, भांडण न पेटवता बोलायची त्यांना सवय असते. नवरा मारेल अशी भीती असेल तर बाईने ते समुपदेशकाला आधीच सांगावं.

पॉझिटिव्ह आला तर

गरमी आली, तर सुरुवातीच्या टप्प्यात पेनिसिलीनच्या इंजेक्शनने बरी होते. पेनिसिलीनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा, दुसरं औषध असतं. परमा, क्लॅमिडिया गोळ्यांनी किंवा इंजेक्शनने जातात. बरं झाल्यावर पुन्हा असुरक्षित संबंध आला तर ते पुन्हा होऊ शकतात, हे मात्र खरं.

एचआयव्ही आला तर त्याच दवाखान्यातून एआरटी सेंटरला जोडून देतात. आपल्या देशात हे औषध सरकार २००४ पासून फुकट देतं. आता बहुतेकांना दिवसाला एक गोळी असते. वेळेत सुरू केली आणि रोज घेतली तर माणूस शेती करतो, लग्न करतो, लेकरं वाढवतो, म्हातारा होतो. औषधाने रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. हे जगभर सिद्ध झालं आहे. एका ताटात जेवल्याने, एका विहिरीचं पाणी प्यायल्याने, डास चावल्याने, मिठी मारल्याने तो लागत नाही हे तर जुनंच आहे, पण अजून गावोगाव सांगावं लागतं.

हे करू नका

• भिंतीवर रंगवलेली “गुप्तरोग, शंभर टक्के गॅरंटी” ही जाहिरात बघून जाऊ नका. रस्त्याकडेच्या तंबूतल्या जडीबुटीने गरमी जात नाही, पैसे मात्र जातात.

• मेडिकलवर जाऊन “लघवीला जळजळ होते, काहीतरी द्या” म्हणून चार गोळ्या घेऊ नका. अर्धवट औषधाने लक्षण दबतं, आजार राहतो, आणि परम्याचे जंतू औषधाला दाद देईनासे होत चालले आहेत.

• संबंधानंतर डेटॉल, लिंबू, मीठ असलं काही लावू नका. कातडी सोलते आणि लागण व्हायला वाट मोकळी होते. साध्या पाण्याने बाहेरून धुतलं तर पुरे. बायकांनी आतून धुवू नये.

• खासगी लॅबचं महागडं पॅकेज घ्यायच्या आधी आयसीटीसीत जा. तिथे फुकट होणाऱ्या तपासणीसाठी घरातली ज्वारी विकू नका.

• दारात कुणी एचआयव्ही असलेलं राहतं म्हणून त्याच्या लेकरांशी आपली लेकरं खेळू द्यायची नाहीत, असं तर मुळीच करू नका.

शेवटी कामाचं तेवढं पुन्हा. १०९७ हा नंबर मोबाईलमध्ये आत्ताच टाकून ठेवा, कोणत्याही नावाने ठेवा. संबंध असुरक्षित झाला तर पहिल्या ७२ तासांत डॉक्टरला गाठा. मग सहा आठवड्यांची आणि तीन महिन्यांची तारीख लिहून ठेवा आणि त्या दिवशी जाच. कंडोम आयसीटीसीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, मागायला लाजू नका. आणि ही माहिती स्वतःला लागत नसेल तरी ग्रुपवर पुढे पाठवा. ज्याला लागते आहे तो कधीच विचारणार नाही, पण वाचेल नक्की.